दोन गल्ल्यांवरचं घर

नाही हो, मला काही नको, तुम्ही बसा — असे उभे राहिलात तर लोकांना वाटेल काहीतरी खास बोलणं चाललंय, आणि माझी सून आतून बघेल. मी आपली ही माश्यांची पेटी उघडून बघत राहते, म्हणजे गिऱ्हाईक वाटेन. तर काय म्हणत होते मी — हां, घर. तिच्याशी लग्न झाल्यावर राहायला आमच्या मागे दोन गल्ल्या सोडून घर बघितलंत म्हणे. माझ्यासाठी. ‘आईंना एकटं वाटायला नको’ असं म्हणालात तिला, आणि त्या लांबच्या शहरातल्या पेट्यांच्या कारखान्याचं चांगलं चालून आलेलं काम नाकारायला निघालात. खरं ना? — खरंच आहे, सून माझ्यापासून काही लपवत नाही.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका की त्याच संध्याकाळी हे गुडघे घेऊन गच्चीवर चढले आणि बघून आले — पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं की तुमच्या त्या घराची मागची खिडकी दिसते. म्हटलं चला, दिवा लागलेला तरी दिसेल. लोक नावं ठेवतात ते वेगळंच. मुलगा जाऊन पुरतं वर्ष झालं नाही तोच ही सुनेचं लग्न लावायला निघाली, कसली आई — माझी जाऊ तर तोंडावर म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, मुलगा माझा गेला, तिचं आयुष्य नाही संपलं. असं ठसक्यात बोलले आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. ते असो.

तर आज सकाळी — तुम्ही इथं दुकान मांडत होतात, तुम्ही ऐकलं नाही. मधपाळांच्या या मेळाव्यात नव्या लोकांना शिकवायला दरवर्षी माझा मुलगा उभा राहायचा. यंदा हिला उभं केलं. सुरुवातीला आवाज कापत होता, मग लागली बोलायला. कुणीतरी विचारलं, माश्यांची पेटी अंगणातल्या अंगणात दुसरीकडे न्यायची तर कशी न्यायची? ही म्हणाली, नेऊच नका. रोज हातभर सरकवा, नाहीतर थेट दूर न्या, माशीला ओळखीचं एकही झाड दिसणार नाही इतकी दूर. मधलं अंतर वाईट. एवढं बोलली आणि पुढचं सोडून पेटीच्या झाकणावरून हात फिरवत राहिली. लोकांनी पाणी नेऊन दिलं. मला ठाऊक होतं तिला काय आठवलं ते.

तुम्ही पेट्या बनवता, माश्या पाळत नाही, म्हणून सांगते. मुलगा गेला त्या आठवड्यात घरात माणसांची रीघ. कुणाला माशी चावायला नको म्हणून शेजारच्यांनी अंधार पडल्यावर पेट्या उचलून अंगणापलीकडे, शेडमागे नेऊन ठेवल्या. मदतच केली बिचाऱ्यांनी. आम्हा दोघींना कुठली शुद्ध — आणि ज्याला कळत होतं तोच गेलेला. सकाळी माश्या बाहेर पडल्या आणि परत आल्या कुठं? जुन्या जागी. तिथं काय होतं — पेटीखालच्या रिकाम्या विटा. पेटी पलीकडेच आहे हो, पण त्यांना वाट जुनीच पाठ. दिवसभर तिथंच घिरट्या, संध्याकाळी विटांवर गोळा होऊन बसल्या. थंडी होती. ही बाहेर आली, बघितलं. मग ओंजळीत भरून भरून पलीकडे नेऊन सोडायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुन्या जागी — पुन्हा ओंजळ. नवऱ्यासाठी तोवर रडली नव्हती ती, तेव्हा रडली. बऱ्याच मेल्या.

म्हणून सांगते, ते घर घेऊ नका. नाही, ऐका माझं. दोन गल्ल्या म्हणजे ती रोज येणार. सकाळी माझी गोळी द्यायला, संध्याकाळी भाजी निवडायला, आणि मग त्याच्या खोलीत जाऊन त्याचे शर्ट पुन्हा घडी करत बसणार, आत्ता बसते तशी. आणि मी काय तिला येऊ नको म्हणणार आहे? मला नाही जमायचं. मी दार उघडं टाकून बसेन, खोटं खोटं खोकेन, उशिरा पाठवेन. माझा भरवसा धरू नका. परवा गुडघा दुखत नव्हता तरी दुखतोय म्हटलं — तेल चोळते तेव्हा जवळ बसते ना ती. बघा, हे सांगायचं नव्हतं. तिकडे तुम्ही ताट वाढून वाट बघणार, आणि ती ना धड इकडची ना धड तिकडची. लांब न्या तिला. बावरेल, थोडे दिवस नव्या दारात उभी राहून रस्ता बघत राहील. मग रुळेल.

माझं काय म्हणजे? जाऊ आहे — बोलते तिखट, पण डबा पोचवते. पेट्या आहेत. तुम्ही माझा विचार केलात म्हणून तर मुलगी द्यायला तयार झाले. हो, मुलगीच. मला कुठं होती मुलगी — त्यानं आणून दिली, आणि स्वतः… नाही, काही नाही, धूळ फार आहे या मैदानात.

मी सांगितलं म्हणू नका. ते काम तुम्हालाच हवंय असं सांगा. चिडेल, म्हणेल म्हाताऱ्या बाईला टाकून कशी येऊ. चिडू दे — आली बघा ती. तुम्ही गप्प बसा, मी बोलते.

ये गं. काही नाही, ह्यांचं ते लांबचं काम पक्कं होतंय म्हणतायत. मी म्हटलं, बरंच झालं. मलाही आता घर जरा मोकळं हवंय, किती दिवस तुझं सगळं बघायचं मी? अशी काय बघतेस? जा, लोक थांबलेत तुझ्यासाठी आत.