मुठीतली गोळी

(सकाळ. काकांची खोली. फोन टेबलावर, स्पीकर चालू; मुलगी परगावाहून फोनवर.)

मुलगी : अहो, पण वाट कसली बघताय? जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्याकडेच आहे. मागच्या वर्षी डॉक्टरांनीच लिहून दिली. द्या ना ती.

पॅरामेडिक : बघते ताई. आधी दाब मोजू दे. काका, हा हात सैल सोडा. आणि त्या हाताची मूठ कशाला आवळलीय?

काका : काही नाही. दुखतंय म्हणून.

पॅरामेडिक : कसं दुखतंय?

काका : छातीवर कुणीतरी पाय देऊन उभं राहिल्यासारखं. सकाळी दाढी करायला बसलो आणि सुरू झालं. अर्धी दाढी तशीच राहिली.

मुलगी : बाबा, मी तासाभरापूर्वी सांगितलं होतं गोळी घ्या म्हणून. घेतलीत?

काका : घेतो गं.

मुलगी : म्हणजे नाही घेतली. हे असंच असतं यांचं.

पॅरामेडिक : काका, ॲस्पिरिनचा कधी त्रास झालाय? पोटात अल्सर, कुठून रक्त जाणं?

काका : छे. माझं पोट दगड पचवेल.

पॅरामेडिक : मग ही चावून खा. नुसती गिळू नका.

काका : कडू आहे.

पॅरामेडिक : साखर लावून देत नाही आम्ही. आता एक विचारते, नीट आठवून सांगा. गेल्या दोन दिवसांत दुसरी कुठली गोळी घेतलीत? ताकदीची, पुरुषांची म्हणून दुकानात मिळते तसली?

मुलगी : अहो, काय विचारताय तुम्ही? सत्तरीचे आहेत ते. आईला जाऊन पाच वर्षं झाली.

पॅरामेडिक : सगळ्यांना विचारावं लागतं ताई. परवा एका न्यायाधीशांनाही विचारलं.

काका : नाही. काही घेतलेलं नाही.

मुलगी : झालं समाधान? आता द्या ती गोळी.

पॅरामेडिक : ताई, मागच्या वर्षीचे रिपोर्ट तुमच्याकडे आहेत का?

मुलगी : फाइलमध्ये असतील. शोधावे लागतील.

पॅरामेडिक : शोधा आणि फोटो पाठवा. तोवर फोन ठेवते, मला दोन्ही हात मोकळे हवेत. दादा, तुम्ही आपल्या गाडीतून स्ट्रेचर जिन्यापर्यंत आणून ठेवा, तोवर मी ईसीजी काढते. दार ओढून घ्या जाताना. … हं. आता खोलीत आपण दोघंच आहोत. मूठ उघडा, काका.

काका : घे, बघ.

पॅरामेडिक : घामाने पार विरघळायला आलीय बिचारी. तासभर तुम्हाला दुखतंय, गोळी हातात आहे, मुलगी कानीकपाळी ओरडतेय. आणि तुम्ही ती तोंडात टाकत नाही. का?

काका : असंच. धीर होईना.

पॅरामेडिक : कशाचा?

काका : … दुकानदार म्हणाला होता.

पॅरामेडिक : काय म्हणाला होता?

काका : हृदयाचं औषध चालू असेल तर ही दुसरी घेऊ नका. मी म्हटलं, चालू कुठे आहे, डबीत नुसतं पडून आहे.

पॅरामेडिक : केव्हा घेतलीत ती दुसरी?

काका : काल संध्याकाळी. पाकीट कपाटात आहे, मोज्यांच्या खाली. हसू नकोस.

पॅरामेडिक : हसत नाही. … सापडलं. बरं झालं नाव बघितलं. हिचा अंमल दोन दिवस राहतो. मघाशी मी ती जिभेखालची पुढे केली असती, तर घेतली असतीत?

काका : घेतली असती.

पॅरामेडिक : माहीत असून?

काका : तू देतेयस म्हणजे चालत असेल, असं म्हटलं असतं मनाशी. पोरगी ऐकत होती ना. काय सांगणार होतो तिला?

पॅरामेडिक : काका, नोकरी कुठे केलीत?

काका : पाणीपुरवठ्यात. जन्मभर व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले.

पॅरामेडिक : मग तुम्हाला मी काय शिकवणार. कालच्या गोळीने शरीरातल्या नळ्या सैल होतात. ही जिभेखालचीही नळ्या सैलच करते. एरवी तेच हवं असतं, हृदयावरचं ओझं हलकं होतं. पण दोन्ही एकदम घेतल्या तर?

काका : टाकीत पाणी तेवढंच, आणि सगळ्या लाइनी एका वेळी उघडल्या.

पॅरामेडिक : मग काय होतं?

काका : दाब बसतो. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही.

पॅरामेडिक : वरचा मजला म्हणजे तुमचं डोकं. आणि खुद्द हृदयालाही रक्त मिळत नाही. तुमचा दाब आत्ताच खालच्या बाजूला आहे. चला, पट्ट्या लावते. हलू नका, बोलू नका. … हॅलो, डॉक्टर? छातीत दुखण्याचा पेशंट, ईसीजी पाठवलाय. ॲस्पिरिन दिली. जिभेखालची नायट्रेट देत नाहीये, काल संध्याकाळी दुसरी गोळी झालीय, पाकिटाचाही फोटो टाकलाय. … हो. … दुखण्याचं इंजेक्शन, थोडं थोडं, दाब बघत. परत सांगते, बरोबर ऐकलं ना बघा. … ठीक. निघतोच.

काका : त्यांना सांगितलंस.

पॅरामेडिक : सांगावंच लागतं. नाहीतर हॉस्पिटलात कुणीतरी भल्या मनाने तीच गोळी जिभेखाली ठेवेल. मुलीला सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. हा बघा, तिचाच फोन.

मुलगी : रिपोर्ट पाठवलेत. दिली का गोळी?

पॅरामेडिक : नाही ताई. आत्ता ती त्यांना झेपणार नाही. डॉक्टरांशी बोलून दुसरं औषध देतेय. हॉस्पिटलात नेतोय.

मुलगी : बरं. … त्यांच्याजवळ कोण आहे?

पॅरामेडिक : मी आहे.

मुलगी : मी निघते, पण मला पोचायला संध्याकाळ होईल. बाबा, ऐकताय ना? भांडू नका त्यांच्याशी.

काका : नाही भांडत. सावकाश ये. जेवून निघ.

पॅरामेडिक : ठेवला तिने. इंजेक्शन देतेय, जरा गरगरेल. … आता कसं आहे दुखणं?

काका : पाय उचलला नाही अजून, पण वजन कमी झालंय. तुला वाटलं असेल, म्हातारा चळला.

पॅरामेडिक : मला काही वाटलं नाही.

काका : बागेतल्या बाकावर भेटायचो आम्ही, रोज सकाळी. ती पण एकटीच. काल म्हणाली, संध्याकाळी घरी येते. बाई आपणहून घरी येते म्हणाली, मला काय सुचणार? पाच वर्षांत या खोलीत मीटर बघणाऱ्याशिवाय कुणी आलं नाही. म्हटलं, आपण आपले तयारीत असावं.

पॅरामेडिक : मग?

काका : निरोप घ्यायला आली होती. मुलाकडे जातेय, कायमची. तासभर बसली. माझा खोकला कसा आहे विचारलं. खिडकीचे पडदे धुवायला झालेत म्हणाली. आणि मी तिच्यासमोर बसून नुसता घामाघूम. तिला वाटलं, तिच्या जाण्याचं दुःख झालंय.

पॅरामेडिक : झालं नव्हतं?

काका : झालं होतं गं. मला तरी तिच्याकडून दुसरं काय हवं होतं? कुणीतरी बसावं, बोलावं. उगाच गोळी खाल्ली.

पॅरामेडिक : दादा आले. तुम्ही काही जोर लावू नका, आम्ही उचलतो. काका, त्या बागेतल्या बाईंना कळवू का? मुलीला न सांगता. नंबर द्या, गाडीतून लावते.

काका : नंबर नाही माझ्याकडे.

पॅरामेडिक : इतक्या दिवसांच्या ओळखीत नंबर नाही घेतलात?

काका : रोज भेटत होतो ना. कधी गरजच नाही लागली.