विहिरीतली बकुळा आणि हरगोविंदची हाइड्रा

...आणि वर मलाच विचारतात, "वामनजी, भैंस कुएँ में गिरी कैसे?" आता कशी म्हणजे काय! मला विचारून पडली का ती? तुम्हाला सांगतो, मी हळू बोलणारा माणूस. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा चहा पिऊन निघून जातो. पण त्या दिवशी जेवढा ओरडलो तेवढा रेल्वेच्या अख्ख्या नोकरीत ओरडलो नसेन, आणि ओरडलो काय, तर एकच... अहो, म्हैस आहे ती, पोतं नव्हे!

बकुळा. आमची म्हैस. इकडं हिंदी मुलखात, सीपरी बाज़ारच्या मागं आमचं घर, शेजारी नवी इमारत उठतेय, आणि मधे ती जुनी विहीर. पाणी गुडघाभर, चिखल भरपूर. कठडा कधीच ढासळलाय, वर कुणीतरी पत्रा टाकून ठेवलेला, पत्र्यावर हिरवा पाला पडलेला... बकुळाला पाला दिसला, पत्रा नाही दिसला. धडाम्! आणि गाभण, बरं का! दिवस भरत आलेले. आमची ही, कमल, रोज तिच्या पोटाला हात लावून म्हणायची, "आजउद्यात आहे हो." आणि ती खाली चिखलात उभी, मान वर करून हंबरतेय... अहो, घरात माझं मराठी निवांत ऐकून घेणारी ती एकटी! सून नीरजा, गुणाची पोर, तिला समजतं सगळं, पण उत्तर हिंदीत देते. बकुळा उत्तरच देत नाही, म्हणजे मराठीच झालं की!

गल्ली जमली. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, दोरी एकाच्याही हातात नाही. मिठाईवाले अशोकजी आपले पुढं, "रस्सी बाँधो और खींचो!" कुठं बांधू? गळ्याला? "पेट पे बाँधो, पेट पे!" अहो, पोटात पारडू आहे! आवळलं तर दोघं जातील! म्हैस आहे ती, पोतं नव्हे! पण ऐकतंय कोण? मी 'म्हैस' म्हणेपर्यंत ते 'खींचो' दहादा म्हणून मोकळे.

तेवढ्यात नीरजा धावत गेली आणि त्या इमारतीवरची हाइड्राच घेऊन आली. हाइड्रा म्हणजे ती पिवळी क्रेन हो, पुढं लांब सोंड असते ती. चालवणारा हरगोविंद, समथरकडचा, काडीसारखा बारीक, गळ्यात गमछा. उतरला, विहिरीत डोकावला, काठावर पाय आपटून पाहिला आणि म्हणाला, "किनारा कच्चा है दद्दा. गाड़ी पास लाया तो गाड़ी भी भीतर, मैं भी भीतर, और सब भैंस के ऊपर." म्हणून गाडी लांब उभी करायची आणि सोंड लांब काढायची. अशोकजी म्हणाले, "तो क्या हुआ? चौदह टन उठाती है ना?" हरगोविंद म्हणाला, "हओ, छाती से लगाकर. जित्ता हाथ लंबा, उत्ता वजन कम. आप भरी बाल्टी हाथ सीधा करके उठाओ, कंधा खुद बोलेगा." आणि तुम्हाला सांगतो, अशोकजींनी खरंच बादली आणवली! हात सरळ केला, तोंड लाल झालं, आणि सगळी बादली स्वतःच्या बुटांवर. तेव्हापासून ते गप्प. ते एक फार बरं झालं.

मग प्रश्न, म्हशीचं वजन किती? कमल म्हणाली, "सहा क्विंटल धरा, आणि पारडाचं वेगळं." हरगोविंदनं मनात हिशेब केला, "हो जाएगा, अम्मा." मी विचारलं, भैया, एवढी ताकद येते कुठून? म्हणाला, "तेल की ताकत है, दद्दा. इंजेक्शन देखा है? पीछे से दबाओ, आगे से निकले. तेल दबाने से सिकुड़ता नहीं, तो लोहे के डंडे को ही सरकना पड़ता है." म्हणजे आपण कितीही दाबलं तरी ते मागं हटत नाही, शेवटी समोरच्यालाच सरकावं लागतं... मला लगेच समजलं. लग्न झालंय माझं.

हरगोविंदनं दोन रुंद पट्टे काढले. एक पुढच्या पायांमागून छातीखाली, एक मागच्या मांड्यांपुढून, पोट मधे मोकळं, असे घालायचे. दोन धट्टेकट्टे गडी शिडीवरून उतरले आणि लागले ओरडायला, "ए, पैर उठा! हट! हट!" बकुळानं अशी लाथ झाडली की दोघं शिडीवरून वर आले, उतरले त्याच्या दुप्पट वेगानं. तिला कुठं कळतेय हिंदी! म्हणून मी निघालो. नीरजा किंचाळली, "बाबा, आप नहीं जाओगे! बीपी है आपको! अरे, कोई रोको इनको!" पण मी जितका हळू बोलतो तितकाच हळू थांबतो. उतरलो. तिच्या कानाशी गेलो. म्हटलं, "बाय माझी, पाय उचल." उचलला! वरून कुणीतरी ओरडलं, "अरे, दद्दा की भैंस मराठी है!" कमलनं स्वतःच्या लुगड्यांच्या दोन गोधड्या वरून टाकल्या, पट्टा रुतू नये म्हणून. त्या घातल्या, पट्टे हुकात अडकवले, आणि बकुळा वळली ती शिडीवरच. कडाड्! शिडीचे दोन तुकडे.

आता हरगोविंदला आतलं दिसत नाही. आणि वर अख्खी गल्ली हात हलवतेय, "उठाओ! रोको! इधर! उधर!" त्यानं दांड्यावरून हातच काढला. "इशारा एक आदमी देगा. बाकी सब हाथ नीचे!" सगळे एकमेकांकडं बघायला लागले, आणि कमल पुढं झाली. पदर खोचला, काठाच्या अलीकडं उभी राहिली, हात वर. जन्मभर मला त्याच हातानं उठवलंय, बसवलंय, गप्प केलंय... क्रेनचं काय घेऊन बसलात!

हात हळूच वर. पट्टे ताणले. बकुळाचे पाय चिखलातून सुटले, फच्! हंबरायला लागली. मी म्हणतोय, "घाबरू नको गं, मी आहे गं," कमलची मूठ मिटली, क्रेन थांबली, बकुळा शांत झाली, मूठ उघडली, क्रेन वर... अहो, काय सांगू! डोक्यावर आभाळाचा गोल, आणि त्यात माझी बकुळा, चार पाय सोडून, गोधड्यांत बसलेल्या राणीसारखी! चिखल माझ्या तोंडावर टपटपतोय आणि मी हसतोय, रडतोय, काय करतोय ते मलाच कळत नाहीये. अलगद सरकली, अलगद उतरली... आणि उभी राहिली! चारी पायांवर! गल्लीत असा जल्लोष की इमारतीवरचे गवंडी नाचायला लागले. त्याच आठवड्यात व्याली हो, पारडी झाली, काळीभोर! हरगोविंदला खरवस पोचवला, डबाभर.

पण त्या क्षणी वर हार, पेढे, फोटो. अशोकजी म्हशीला पेढा भरवतायत. हरगोविंदच्या गळ्यात हार. कमलचा जयजयकार. आणि मी? मी खाली! शिडीचे तुकडे हातात घेऊन! हाक मारली, "अ... हो..." पण माझी हाक ती! काठाला पोचायला संध्याकाळ झाली असती. शेवटी नीरजालाच आठवण झाली, "अरे, बाबा कहाँ हैं?"

पुन्हा पट्टा खाली आला. काखेखालून घातला. वर पाहिलं तर कमलचा हात... सरळ, भराभरा, पंख्यासारखा फिरतोय! हरगोविंद विचारतोय, "अम्मा, धीरे उठाऊँ?" आणि ही काय म्हणते?

"जल्दी उठाओ भैया, इनके पेट में कौन बछड़ा है!"

गोधडीसुद्धा नाही टाकली हो.