अकरा पायऱ्या

पेणच्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक बाई मॅक लॅपटॉप घेऊन उभी होती.

"जितेशदादा, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर यात चालत नाय. नोकरीची परीक्षा त्यावरच हाय."

"विंडोज लागेल, वहिनी. डिस्कचे दोन भाग करून टाकतो, मस्त पळेल. फक्त परत मॅकवर यायला बंद करून चालू करा. दोन मिनिटं."

"दोन मिनिटं? नको."

"मग मॅकच्या आतच विंडोज चालवा. पण हळू चालेल."

"चालू दे. पटकन लपवता येईल ना?"

"एका बटणात. का?"

"मशीन ह्यांचं हाय. मी नोकरी बघतेय हे कळलं तर..."

"भाऊ डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला असतात ना?"

"कधीकधी लवकर सुटतात. आमच्या जिन्याला अकरा पायऱ्या हायत, दादा. तुम्ही बटण दाबा, मी मोजते."