तळं, ढग आणि दाढ

माझे दात खोटे असले तरी कान अस्सल आहेत. त्यामुळे दातांच्या डॉक्टरकडे शेजारी बसलेल्या दोघी बहिणींचं बोलणं मला शब्दन् शब्द ऐकू आलं. धाकटीचा गाल टम्म सुजला होता.

“ताई, हे दिवसभर फोटो बघत बसतात गं. मोठे करकरून.”

“अगंबाई! कुणाचे?”

“तळ्याचे. उपग्रहातून येतात. शेतातलं खत वाहून जातं, पाण्यात शेवाळ माजतं. ते किती पसरलं, हे यांनी मोजायचं.”

“आणि तू तळ्यावर जळतेस?”

“जळू नको तर काय करू? तिथला एक कोपरा जरा हिरवा झाला तरी यांना कळतं. मी केस निम्मे कापले, त्याला आठवडा झाला!”

“काहीतरी हिरवं घालून बघ.”

“घातलं ना. म्हणाले, ‘बापरे, हा रंग म्हणजे धोक्याची पातळी!’”

“मग तुझ्याकडे बघतात तरी कधी?”

“आभाळ भरून आलं की. फोटोत नुसते ढग येतात, तळं दिसतच नाही. मग लवकर घरी येतात, समोर बसून गप्पा मारतात.”

तेवढ्यात आतून धाकटीला हाक आली. ती उठली आणि खिडकीशीच थांबली.

“ताई, दाढ उद्या दाखवते. ढग आलेत बघ.”