राक्षसाचा जीव माशात

तुम्ही सिरियलच्या लॉजिकवरून भांडताय म्हणून सांगतो. नव्वदीत भाईंदर वेस्टला आमच्याकडे रविवारी सकाळी अख्खा मजला टीव्हीसमोर बसायचा. सिरियल होती एका राक्षसाची. त्याचा जीव एका माशात. मासा मेला की राक्षस खलास.

शेजारचे पाटकर दरवेळी खुसपट काढायचे. "जीव माशात कशाला ठेवायचा? कोणीही पकडेल!"

मी सिरियलचा वकील. "पाटकर, जादू आहे ती!" या एका वाक्यावर मी सहा महिने जिंकत होतो.

त्या रविवारी राजपुत्राने एकदाचा मासा पकडला. पडदाभर मासा दाखवला, राजपुत्राने तलवार उगारली आणि भाग संपला.

"आता पुढच्या रविवारी राक्षस मरणार," मी म्हटलं.

दारात जवळच्या मुर्धा गावची मासेवाली जनाकाकी पाटी उतरवून बघत उभी होती. ती म्हणाली, "त्या माशाचा डोला बघितला का? पांढरा झालाय. त्यो कालचाच मेलेला हाय. मंग राक्षस अजून जिता कसा?"

पाटकर टाळ्या वाजवायला लागले. मी म्हटलं, "काकी, जादू आहे ती."

"बरं," काकी म्हणाली. "उद्या तसलाच मासा आणते. जादू म्हणून घेशील?"