गाळलेलं कडवं

— नाही नाही, तांती, ते जाडं नको, ते खाली ठेव. ज्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला चंद्रकोर आणि मधे वीज कडाडलेली असते ते उघडायचंच नाही, हा माझा नियम आहे. लिहिणाऱ्याने जन्मात एक मुसलमान पाहिलेला नाही, पण मुसलमानाला येशूबद्दल काय वाटतं ते त्याला सहाशे पानं ठाऊक आहे! आणि हसू नकोस, आमच्या लोकांचंही तेच — ही पुस्तिका बघ, मशिदीबाहेर फुकट वाटतात. हिच्या लेखकाने बायबल इतकं बारकाईने वाचलंय, इतकं बारकाईने, की लग्नात रुसलेला काका जेवणात केस शोधतो ना, तसं. केस सापडला की ताट बाजूला. जेवलं कोण? कोणीच नाही. विन्स्टनकाकांसाठी मी काढून ठेवलीत ती ही, खिडकीतली. वरचं बैरूतच्या एका पाद्र्याचं, सगळं आयुष्य मुसलमानांच्या गल्लीत काढलेला माणूस, त्याने कुराणातला येशू, म्हणजे ईसा, लिहिलाय — नुसता लिहिलाय, भांडला नाहीये. त्याखालचं एका इराणी बाईंचं, येशूची शुभवर्तमानं वाचताना त्यांना काय दिसलं ते. तिसरं जरा कठीण आहे — ग्रंथ कसे जमले, कोण म्हणतं ते बदलले, कोण म्हणतं नाही, आणि का म्हणतं. ते काकांनी शेवटी वाचावं. लग्नानंतर वाचलं तरी चालेल. लग्न होणार असेल तर. बस ना तू, उभी का?

कळला, कळला निरोप, दारातच सांगितलास की. आज तीन राजांचा सण, परांगच्या गाण्यांचा शेवटचा दिवस, काका सगळे गाणारे घेऊन गल्लीत येणार, आमच्या दारात एकच गाणं म्हणणार, आणि ते चालू असताना शिराझ होसेनने तोंड उघडायचं नाही. नाही उघडलं तर रविवारी ते अब्बांकडे लग्नाची बोलणी करायला येणार. उघडलं तर त्यांच्या जिझेलचा विषय संपला. वा! म्हणजे मी स्पेनला जातो, ग्रानादात बसून दोन धर्मांचे ग्रंथ वाचतो, पदवी घेऊन त्रिनिदादला परत येतो, अब्बांच्या शिवणकामाच्या खोलीत गावासाठी वाचनालय काढतो — ज्यात आजवर तू आलीस आणि पाऊस आला तेव्हा बूदरामांची बकरी आली — आणि माझी परीक्षा काय घेणार, तर गप्प बसण्याची! तू तिची धर्ममाता ना? बाप्तिस्म्याला तिला तुझ्याच हातात दिली होती ना? मग तू सांगायचंस काकांना, की बाबा, मुलगा खरं बोलतो, हाच काय तो त्याचा दोष.

नाही, माझं चुकलं काय ते तरी सांग. दर नाताळात ही मंडळी घरोघर फिरतात — क्वात्रोच्या चार तारा, शॅक-शॅकचा खुळखुळाट आणि तोंडात स्पॅनिश, जी त्यांच्यातल्या निम्म्यांना कळत नाही, आजा म्हणायचा म्हणून नातू म्हणतो. शेजारी बूदरामांकडे म्हणतात तेव्हा गाणं लांबलचक. बूदराम हिंदू, त्यांच्या घरी एक देव वाढला म्हणून कुणाला अडचण नाही. तेच गाणं आमच्या फाटकात आलं की आखूड होतं. का? तर ज्या कडव्यात ते बाळ देवाचा पुत्र आहे, स्वतःच देव आहे, ते कडवं होसेनांच्या दारात गाळायचं! काकांच्या बापाच्या वेळेपासून गाळतात. भरपाई म्हणून मरियमचं कडवं दोनदा घेतात आणि मधे क्वात्रो जरा जोरात वाजवतात. आणि आमच्या घरात मी सोडून स्पॅनिशचा एक शब्द कुणाला येत नाही, तांती! ज्याला कळतच नाही त्याच्यापासून लपवायचं — आहे की नाही कमाल? म्हणून नाताळाआधीच्या त्या रविवारी मी म्हटलं, प्रेमाने म्हटलं हं — थांबा, एक कडवं राहिलं. काका म्हणाले, "कुठलं रे?" मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे कुठलं. तर म्हणाले, "बाळा, घसा बसलाय आमचा." सगळ्यांचा! एकदम! मग मी म्हटलं ते. स्वतः. आणि अब्बांना कळावं म्हणून एकेक शब्दाचा अर्थ सांगितला. आणि एकतर्फी होऊ नये म्हणून लगेच कुराणातलं त्याच्या उलटचं वचनही म्हटलं, आणि त्याचाही अर्थ सांगितला, काकांना कळावा म्हणून. दोन्ही बाजू, सारखा न्याय. ग्रानादात याला संवाद म्हणतात. इथे नेमके मशिदीतले दोन म्हातारे गॅलरीत अब्बांबरोबर बसलेले. आता त्यांच्या देखत अब्बांना काहीतरी बोलणं भाग. म्हणाले, "असलं आमच्या दारात नको." काकांनी क्वात्रो पिशवीत घातलं. खुर्म्याला हात लावला नाही कुणी, सोरेलचं लाल सरबत पेल्यांत तसंच. जिझेलने माझ्याकडे बघितलं — रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

आणि आमचे अब्बा काय कमी आहेत? ईदला तुम्ही सगळे शेवयांसाठी येता, तेव्हा खास तुमच्यासाठी चष्मा लावून कुराणातला मरियमचा अध्याय, तिची सूरत, इंग्रजीत वाचतात की नाही? ती एकटी, कळा येतायत, आधाराला खजुराचं झाड, मग पाळण्यातलं बाळ बोलायला लागतं — तू तर दरवर्षी पदराने नाक पुसतेस. बरं, पदर नाही, रुमालाने. आणि पुढे जिथे येतं की देवाला मूलबाळ असणं शक्य नाही, तिथे अब्बांना बरोब्बर खोकल्याची उबळ येते! "अरे, शेवया थंड होतायत!" पुस्तक बंद. लहानपणी मला वाटायचं सूरत तिथेच संपते. कितीतरी वर्षं वाटायचं. काय? तुला माहीत होतं? पुढचं तू वाचलंयस? आणि बोलली नाहीस कुणाला. वा, तूही त्यातलीच. अख्खी गल्ली त्यातली. गाळून गाळून तुम्ही उत्तम शेजारी झालात, मान्य — कुणाच्या घरात मयत झालं तर रात्रभर एकमेकांच्या ओसरीवर बसता, मान्य — पण शेजारी राहणं वेगळं आणि एका घरात राहणं वेगळं. उद्या मला आणि जिझेलला मूल झालं, त्याने विचारलं, की हा येशू आणि हा ईसा एकच का दोन, तर काय सांगायचं? घसा बसलाय? शेवया थंड होतायत? त्याला कुठलं गाणं शिकवायचं, तांती, लांब की आखूड? बघ. आता तू खिडकीबाहेर बघतेस. सगळे इथेच खिडकीबाहेर बघतात.

हे गाळणं मला कसं कळलं ठाऊक आहे? अभ्यासातून नाही. ग्रानादातला पहिला नाताळ, वसतिगृह रिकामं, आम्ही काही परदेशातले तेवढे उरलेलो. कुणीतरी म्हणालं, प्रत्येकाने आपल्या गावचं काहीतरी गा. मी म्हटलं, माझ्याकडे आहे, आमच्या दारातलं आहे. डोळे मिटून म्हटलं, विन्स्टनकाकांसारखी मान हलवत. व्हेनेझुएलाचा एक पोरगा होता, तो हसून हसून लोळला. म्हणाला, "आई दोनदा आली, देव कुठे गेला? तुमच्या बेटावर पोहायला?" आणि राहिलेलं त्याने म्हणून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मला वाईट वगैरे वाटलं नाही. अभ्यासाच्या दृष्टीने उपयोगीच झालं ते. फक्त — अर्धं गाणं देऊन पाठवलंत तुम्ही मला. दोन्ही घरांनी मिळून. मग वाचत सुटलो, जे हाताला लागेल ते, कुणी कुठे काय गाळलंय ते बघत — हो, केस शोधत. म्हण, म्हण तू, तुझ्या ओठावर आलंय. पण मी जेवलोही ना त्या ताटात! निदान जेवायला बसलो तरी. जाऊ दे. हे कुठे बोललीस तर मी नाही म्हणेन.

ऐक. आले. बूदरामांच्या फाटकाशी आहेत — बघ, तिथे कसं मोकळ्या गळ्याने, तेच कडवं, घसा ठणठणीत आहे सगळ्यांचा! असू दे. मी इथेच बसतो, खिडकीशी येत नाही. कुजबुजलं तर चालतं ना? कुजबुजणं म्हणजे काही तोंड उघडणं नव्हे. तो मागून येणारा शॅक-शॅक जिझेलचा, नेहमी अर्धा श्वास मागे असतो, अंधारातही ओळखेन मी. झालं तिकडचं. फाटक वाजलं आपलं. अब्बांची खुर्ची सरकली — ते उठले? दाराशी गेले? आज कोणी म्हातारे नाहीत ना बसलेले? बरं झालं. सुरू झालं. काकांचा आवाज जरा दबलेला वाटतो, नाही? … मरियम. … मरियम पुन्हा. … आता इथे. इथे ते गाळलेलं. नुसतं क्वात्रो, बघ, आणि — हे काय? हा ठक ठक कसला आवाज? अब्बा काठी आपटतायत? फरशीवर? ठेका धरलाय त्यांनी. बरोबर त्याच जागेत, आधी नव्हता. नेहमी धरतात? इथेच? मी दारात उभा असायचो, तेव्हाही? म्हणजे अब्बांना ठाऊक आहे इथे काय — तांती, म्हणजे खरं तर या जागेत काका आणि अब्बा दोघेही —

काही नाही.

काही नाही म्हटलं ना. तू ऐक.