अकरा नंबरची शाखा

सून : बाबा, पाच मिनिटं गप्प बसाल? एक अख्खा डेटाबेस उडवायचाय.

सासरे : उडव की. मी पेपर वाचतोय. कुणाचा आहे?

सून : जनावरांच्या दवाखान्यांचा. चौदा शाखा. कुठल्या कुत्र्याला कोणती लस कधी दिली, सगळ्याचे तक्ते. आठ महिन्यांपूर्वी नवा केला, सगळे तिकडे गेले. हा जुना नुसता पडून आहे.

सासरे : पडून कुठे?

सून : क्लाउडवर. म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत, जी मीही पाहिलेली नाही. इथून प्रोग्रामनं हुकूम पाठवायचा. उघड, मोठा कर, काढून टाक. तिकडचा प्रोग्राम मुकाट्यानं करतो.

सासरे : मध्ये माणूस नाही? ‘साहेब जेवायला गेलेत’ असं कुणी म्हणत नाही?

सून : कुणी नाही.

सासरे : काय नीरस खातं! आणि चूक झाली तर?

सून : म्हणून तर तुम्हाला गप्प बसायला सांगितलं. चुकून उडू नये म्हणून लावलेलं कुलूप सकाळीच काढलंय. आता शेवटची प्रत ठेवायची का, एवढंच सांगायचं. साहेब म्हणाले, नको. मग गेलं ते गेलं. एकटीनं करायचं हे माझं पहिलंच काम आहे.

सासरे : बत्तीस वर्षं रेकॉर्ड खोलीत काढली मी. फाइल फाडण्याआधी तिच्यावर बोट फिरवायचो. काळं झालं, तर फाडायची. स्वच्छ निघालं, तर कुणीतरी गुपचूप वाचतंय.

सून : इथे कुठली धूळ?

सासरे : मग कोण आलं-गेलं, ते तरी लिहीत असतील.

सून : ते असतं. विचारते त्याला... शून्य, शून्य, शून्य... अगं बाई!

सासरे : काय गं?

सून : दर मंगळवारी सकाळी दहाला एक जण येतो. वीस मिनिटं बसतो, जातो. आठ महिने!

सासरे : निवृत्तीला टेकलेला माणूस. पैज लाव.

सून : अकरा नंबरची शाखा आहे. थांबा, फोनच करते.

(फोन स्पीकरवर.)

कंपाउंडर : दवाखाना. डॉक्टर म्हशीकडे गेलेत. मी कंपाउंडर.

सून : नमस्कार. तुम्ही अजून जुन्या डेटाबेसमध्ये नोंदी करता? नवा पत्ता घालायचं पत्र नाही आलं?

कंपाउंडर : आलं ना. आवक नोंदवहीत चढवलं, फाइलला लावलं. त्यावर ‘त्वरित’ असं नव्हतं.

सासरे : बरोबर आहे त्यांचं.

सून : बाबा! अहो, मग तुमच्या लोकांना पुढच्या लसीचे निरोप कसे गेले? ते नवीनमधूनच जातात.

कंपाउंडर : नाही जात, हे कळलं होतं. म्हणून मी सायकलवर जाऊन सांगतो. म्हटलं, नवी पद्धत असेल.

सून : तीनशे बारा नोंदी आहेत तुमच्या! एका ओळीत मी सगळ्या पुसणार होते.

कंपाउंडर : पुसा, वरून हुकूम असेल तर. पण आत सहा गायींचं बाळंतपण आहे.

सासरे : शेरे काय लिहिलेत गं?

सून : ‘कुत्रा शांत. मालक चावरा.’

सासरे : या माणसाला मी खात्यात घेतलं असतं.

सून : ऐका, फोन ठेवू नका. सगळ्या नोंदी नव्यात नेतेय... तीनशे दहा, अकरा, बारा. आल्या. तुमच्या मशीनमध्ये नवा पत्ता मी इथूनच घालते. आणि जुन्याची शेवटची प्रत ठेवतेय. साहेबांना काय सांगायचं ते मी बघीन.

सासरे : शाब्बास.

सून : पाठवला हुकूम.

सासरे : झालं? काही आवाज नाही?

सून : ‘काढत आहे’ म्हणतोय. हुश्श! कंपाउंडर, आता सायकल बंद. निरोप आपोआप जातील.

कंपाउंडर : बरं झालं, गुडघे कुरकुरतात. फक्त गिरणीमागच्या बाईंना निरोप जाऊ देऊ नका. त्यांचा कुत्रा गेला मागच्या महिन्यात. नोंद करायची राहिलीय माझी. म्हणजे, करवली नाही.

सून : नाही जाणार. त्यांचं नाव बाजूला काढते. तुम्ही मात्र जात जा त्यांच्याकडे.

कंपाउंडर : जातोच. त्या चहा दोन कप टाकतात.